हँडल थरथरते, गाडी डुलते



आता बहुतेक वस्त्यांवर घरटी एक मोटारसायकल आहे. सकाळी तिच्यावर दुधाचे कॅन डेअरीला जातात, दुपारी खताचे पोते येते आणि संध्याकाळी त्याच गाडीवर घरची माणसे पाहुण्यांकडे निघतात. डांबरी सडक लागली, वेग वाढला आणि हँडल थरथरू लागले किंवा मागून कुणी शेपूट हलवावे तशी गाडी डुलू लागली, तर "जुनी झाली, चालायचंच" असे म्हणू नका. वयाने गाडी डुलत नाही. डुलण्यामागे काही तरी कारण असते, आणि बहुतेक वेळा ते आपल्या अंगणातच सापडते.

आधी दोन प्रकार ओळखा. पहिल्यात फक्त हँडल थरथरते, सेकंदाला पाच-दहा वेळा, झपाझप. अशा वेळी संशय पुढच्या चाकाचा, टायरचा आणि हँडलच्या बॉलरेसरचा धरावा. दुसऱ्या प्रकारात सगळी गाडीच सावकाश नागमोडी डुलते, सेकंदाला दोन-तीन हेलकावे. हे जास्त वेगात होते. इथे मागचे चाक, चिमट्याचे बुश, शॉकअब्सॉर्बर आणि मागे लादलेले ओझे तपासावे.

ओझ्याचे गणित तुम्हाला नवे नाही. बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा ताबा सुटतो. मोटारसायकलीचेही तसेच. मागच्या आसाच्याही मागे दोन भरलेले कॅन टांगले की पुढचे चाक हलके पडते आणि रस्त्याला धरून राहत नाही. म्हणून पहिली परीक्षा फुकटची आहे. ओझे उतरवून रिकामी गाडी चालवून पाहा. डुलणे थांबले तर दोष लादण्यात आहे. कॅन खाली, पुढे सरकवून, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे आणि घट्ट बांधा, आणि भरल्या गाडीचा वेग कमी ठेवा.

रिकामी गाडीही डुलते का? मग पुढील क्रमाने जा. स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी.

१. हवा. टायर थंड असताना मोजा. १०० ते १२५ सीसीच्या साध्या गाड्यांना साधारण पुढे २५ आणि एकट्यासाठी मागे २८ पौंड लागते, मागे माणूस बसला की मागची हवा वाढवावी लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत किंवा चेनकव्हरजवळच्या पट्टीवर छापलेला असतो, तोच खरा.

२. टायर. मधोमध झिजून सपाट झाला आहे का? एका बाजूला फुगवटा आहे का? पंक्चर काढल्यानंतर डुलणे सुरू झाले असेल, तर रिमलगतची टायरवरची बारीक रेघ पाहा. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. टायरवरचे चार आकडी साल-आठवडेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

३. चाक. गाडी मेन स्टँडवर घ्या. रिमजवळ काडी धरून चाक फिरवा. काडी आणि रिम यांतले अंतर दोन मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-अधिक झाले, तर रिम आऊट आहे. तारांवर स्क्रूड्रायव्हर हलका मारा. ताणलेली तार टणकन वाजते, सैल तार बद्द आवाज देते.

४. बेअरिंग. चाक वर आणि खाली धरून आडवे हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग गेले.

५. बॉलरेसर. मागे कुणाला तरी दाबायला सांगून पुढचे चाक अधांतरी करा. फोर्कचे खालचे टोक धरून पुढेमागे ओढा. खटका आला तर बॉलरेसर सैल आहे. मग हँडल हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्ये, सरळ जागी, ते खाचेत अडल्यासारखे वाटले तर रेस बदलावी लागेल. नुसते आवळून भागणार नाही, फार आवळले तरीही गाडी डुलते.

६. मागचा चिमटा. मागचे चाक आडवे हलवा. नुसते चाक हलले तर बेअरिंग, चाकाबरोबर चिमटाही हलला तर बुश. चेन ताणायच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या घरावर हव्यात, नाही तर मागचे चाक तिरके धावते. दोन्ही शॉकअब्सॉर्बरची खाचही एकसारखी हवी आणि कुठून तेल गळत नसावे.

एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करा आणि मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर नेमके काय बिघडले होते ते कळत नाही आणि पैसे मात्र चारींचे जातात. परीक्षा म्हणून हँडलवरचे हात मात्र कधीही सोडू नका. मिस्त्रीकडे जाताना "गाडी हलते" एवढेच सांगू नका. किती वेगाला, रिकामी की भरलेली, सरळ रस्त्यावर की वळणावर, हे चिठ्ठीवर लिहून न्या. त्याचे निम्मे काम तिथेच होते.

आणि धावत्या गाडीला हा झटका आलाच तर? करकचून ब्रेक दाबू नका, हँडलशी झुंजूही नका. मूठ हळूहळू सोडा, गुडघ्यांनी टाकी आवळा, अंग थोडे पुढे झुकवा आणि हँडल नीट पण ताठ न होता धरा. वेग उतरला की थरथर बहुधा आपोआप विरते. मग मागचा ब्रेक सावकाश लावून कडेला थांबा.

हे घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा, विशेषतः पहाटे अंधारात दूध घेऊन जाणाऱ्या मुलाला. डोक्यावर हेल्मेट, मागे बसणाऱ्याच्याही, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सांगितलेच आहे. पेरणीआधी पाभर तपासतो, तशी दर महिन्याला गाडी तपासा. अर्धा तास लागतो. घरचे माणूस संध्याकाळी सुखरूप परत येण्यापुढे अर्ध्या तासाचे मोल ते काय!