भुकेची बाटली

परवा सकाळी ओसरीवर बसलो होतो. शेजारची सून आली. हातात औषधाची बाटली. म्हणाली, "गुरुजी, पोरगा काही खातच नाही जी. याच्यानं भूक लागते म्हणतात. देऊ का?"

चष्मा लावून वाचलं. सायप्रोहेप्टाडिन. त्याच आठवड्यात नागपूरहून भाचीचा फोन आला होता. तिला भूक मारणारी, वजन उतरवणारी पावडर घ्यायची होती. एकीला भूक हवी, दुसरीला नको! मी काही डॉक्टर नाही, जन्म मराठी शिकवण्यात गेला. पण कुतूहल स्वस्थ बसू देईना, म्हणून वाचत गेलो.

गंमत म्हणजे भुकेच्या या दोन्ही टोकांना एकच पदार्थ भेटतो, सेरोटोनिन. 'आता पुरे' हा निरोप मेंदूत पोचवायला तो मदत करतो. हे शास्त्रज्ञांना शिकवलं ते उंदरांनी. पिंजऱ्यात खाणं मोजून ठेवायचं, औषध द्यायचं आणि उरलेलं पुन्हा तोलायचं. सेरोटोनिन वाढवणारं फेनफ्लुरामिन दिलं की उंदीर जेवायला येतो, पण लवकर आटोपतो. १९९५ मध्ये सेरोटोनिनचा एक विशिष्ट ग्राहक (निरोप घेणारा रेणू) नसलेले उंदीर तयार केले, तर ते जास्त खाऊन लठ्ठ झाले. पण त्यांना फिट्सही येऊ लागल्या. म्हणजे एका किल्लीनं अनेक कुलुपं उघडतात. खरी गोम इथेच आहे.

फेनफ्लुरामिन माणसांनीही घेतलं, वजनं उतरली. पण हृदयाच्या झडपा बिघडू लागल्या आणि १९९७ मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढावं लागलं. मग आलं सिब्युट्रामिन. त्यानं हृदयविकाराच्या रुग्णांत झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसलं. आपल्याकडे २०११ मध्ये त्यावर बंदी आली. तरीही 'वनौषधी' म्हणून विकलेल्या सडपातळ करणाऱ्या मालात ते लपवलेलं अनेक देशांत सापडलं आहे. पुढे फक्त भुकेचंच कुलूप उघडावं म्हणून लॉरकॅसेरिन बनवलं. प्रयोगातल्या उंदरांना त्यानं गाठी झाल्या होत्या. तरी २०१२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये, ते घेणाऱ्यांत कर्करोग थोडा जास्त दिसल्यानं, ते मागे घेतलं गेलं.

शेजारच्या सुनेची बाटली याच्या उलट्या दिशेची. ते मुळात ॲलर्जीचं औषध. सेरोटोनिनलाही अडवतं, भूक वाढते. मूल खातं, पण पेंगुळतंही.

मी काही औषधांच्या विरोधात नाही. डॉक्टरांनी तपासून दिलं तर जरूर घ्यावं. पण पिंजऱ्यातल्या उंदराची गोष्ट वेगळी. त्याच्यापुढे तोललेलं खाणं असतं आणि तो का खात नाही हे शास्त्रज्ञाला आधीच ठाऊक असतं. आपल्या पोरांचं तसं नसतं. आपल्या गडचिरोलीत पोर जेवत नाही याची कारणं किती! पोटात जंत, मागे येऊन गेलेला हिवताप, रक्त कमी, सिकलसेल. नाहीतर जेवणाआधीच संपलेले बिस्किटांचे पुडे. भूक हा शरीराचा निरोप आहे. निरोप न वाचताच घंटा वाजवायची किंवा बंद करायची, याला उपचार कसं म्हणायचं? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण आपल्याच लोकांनी केली ना?

मी सुनेला म्हटलं, "बाटली ठेव बाजूला. आधी पोराला सरकारी दवाखान्यात ने, रक्त तपासून घे." तिचं तोंड उतरलं. बाटलीचे पैसे गेले होते, आणि दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार. हे बोलणं मला सोपं होतं, तिला ऐकणं नाही, हे कळत होतं. तरी ती गेली. पोराचं रक्त कमी निघालं. आता लोहाचं औषध चालू आहे. भूक येईल, वेळ लागेल.

भाचीला मात्र अजून पटलेलं नाही. "मामा, सगळ्याच जणी घेतात," म्हणते. हे लिहिलेलं ती वाचते, म्हणून इथेच सांगतो. बाई गं, पुड्यावर काय लिहिलंय ते नको सांगूस, आत काय आहे ते सांग. ते सांगता येत नसेल, तर त्या पिंजऱ्यात तू आपल्या पायांनी जाते आहेस.

असो. तुमच्या घरीही अशी एखादी बाटली असेल. बघा जरा.