शोकाच्या घरीं नाताळ

नाताळ जवळ आला म्हणजे निबंधाचा एक विषय ठरलेलाच असतो : 'आमच्या घरचा नाताळ'. सन २०२१ च्या डिसेंबरांत मींही तोच विषय आठवीच्या वर्गास दिला. बहुतेक मुलांनीं करंज्या, चकल्या, कागदी तारे, नवे कपडे व मध्यरात्रीची उपासना यांचें वर्णन नेहमींप्रमाणें केलें. एका मुलाच्या वहींत मात्र चारच ओळी होत्या. दारावरचा तारा दरवर्षीं बाबा लावीत असत, यंदा तो माळ्यावरच राहिला आहे, एवढाच त्यांचा आशय. त्या ओळींखालीं मीं तांबड्या शाईनें 'अपुरा' असा शेरा मारला. त्याचे वडील त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत करोनाच्या साथींत निवर्तले, हें मला ठाऊक होतें. पण पन्नास वह्या तपासण्याच्या घाईंत तें स्मरलें नाहीं. त्याच एप्रिलांत माझे थोरले बंधूही गेले होते. तरीही स्मरलें नाहीं, याची लाज मला अद्याप वाटते.

शेरा मारल्याच्या दुसऱ्याच दिवशीं रात्रीं गीतें गात घरोघर फिरणारी मंडळी आमच्या आळींत आली. ढोलकीचा आवाज ऐकून माझ्या वृद्ध मातोश्रींनीं दार उघडलें व त्या ओट्यावर येऊन बसल्या. आमच्या घराच्या दोन घरें अलीकडे ढोलकी थांबली. मुलांनीं कंदील खालीं केले, हलक्या पावलांनीं तीं आमच्या दारावरून पुढें गेलीं, आणि वळणापलीकडे गेल्यावर गाणें पुन्हां सुरू झालें. आईनें मला विचारलें, "अरे, आपल्याला वगळलें का रे त्यांनीं?" मला उत्तर देतां आलें नाहीं.

त्या मुलांचा हेतु चांगलाच होता. ज्या घरीं मृत्यु घडला तेथें वर्षभर सण करूं नये, ही आपल्या देशांतील जुनी रीत आहे. फराळाची कढई त्या घरीं चढत नाहीं. शेजारीपाजारी व आप्त आपल्या घरून ताटें भरून पाठवितात. ही रीत पुष्कळ ख्रिस्ती घरांतही टिकून आहे, आणि ताट पाठविण्याचा तिचा भाग मला तर फारच सुंदर वाटतो. आमच्याकडेही त्या वर्षीं ताटें आलीं. फराळ दारांत येतो आणि गीत मात्र दारावरून परत जातें, ही विसंगति कोणाच्या ध्यानांत आली नाहीं, इतकेंच.

माझें मत असें आहे कीं, नाताळावर पहिला हक्क कोणाचा असेल तर तो शोकाच्या घराचा. हें मत पुष्कळांस विचित्र वाटेल. 'आनंद करा' या घोषणेची आपल्या कानांना इतकी संवय झाली आहे कीं, ज्याच्या डोळ्यांत पाणी त्यानें या सणांतून बाजूस व्हावें असें आपण धरूनच चालतों. परंतु मूळ कथा उघडून पाहा. बाळंतिणीस उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं. पहिली वार्ता गेली ती थंडींत कळप राखीत जागणाऱ्या गरीब मेंढपाळांकडे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत तर त्या तान्ह्या बालकास घेऊन आईबापांना रातोरात मिसर देशाकडे पळावें लागलें, आणि मागें बेथलेहेमांत हेरोद राजानें दोन वर्षांच्या आंतील मुलगे मारविले. तेथें लेकरांसाठीं आक्रोश करणाऱ्या राहेलीचें स्मरण सुवार्तिकानें मुद्दाम केलें आहे. जुन्या मंडळ्यांच्या पंचांगांत २६ डिसेंबर हा स्तेफन या रक्तसाक्षीचा दिवस, आणि २८ डिसेंबर हा त्या निरपराध बालकांचा. अश्रूंना सणाच्या आठवड्यांतच जागा राखून ठेवलेली आहे. आपण ती पुसून तेथें केवळ मिठाई मांडली. (आणि बर्फाचीं गाणीं! ज्यांच्या शेतांत या दिवसांत हुरडा भाजतात त्या आमच्या मुलांनीं बर्फावर इतकें कां गावें, हें मला कधींच समजलें नाहीं.)

सांत्वनास येणारे कांहीं सज्जन म्हणतात, "विश्वास असेल तर रडूं नये." हें म्हणणें शास्त्राला धरून नाहीं. लाजराला आपण कबरेंतून उठविणार आहों हें प्रभु येशूस ठाऊक होतें. तरीही बेथानी येथें कबरेकडे जातांना तो रडला. आशा होती आणि अश्रूही होते. ख्रिस्ती माणसाची आशा इतकीच आहे कीं, गव्हाणींतला हा बालक पुढें स्वतः मरणांतून गेला व तें मरण त्याला धरून ठेवूं शकलें नाहीं; म्हणून आमचीं गेलेलीं माणसेंही त्याच्या हातून सुटलेलीं नाहींत. एवढ्या आशेवर रिकाम्या खुर्चीशेजारीं बसून जेवतां येतें. जेवण गोड लागतेंच असें नाहीं.

याबाबत मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. दुष्काळाच्या काळांत, १८७४ सालीं, त्यांचे आईबाप गेले. १८८० सालीं बंधु गेले. १८८२ सालीं, लग्नास दोन वर्षेंही पुरीं झालीं नसतां, पति गेले. उरली ती एकुलती कन्या मनोरमा. २४ जुलै १९२१ रोजीं तीही चाळीसाव्या वर्षीं निवर्तली. पुढचा नाताळ केडगांवच्या मुक्ति मिशनमधला, आणि रमाबाईंच्या आयुष्यांतला शेवटचा. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. त्या नाताळीं त्यांच्या मनांत काय चाललें असेल तें कल्पनेनें रंगविण्याचा अधिकार मला नाहीं. एक गोष्ट मात्र निश्चित : अल्पशिक्षित बायांसही समजावें म्हणून हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण शास्त्र सोप्या मराठींत आणण्याचें काम त्यांनीं अखेरपर्यंत सोडलें नाहीं. राहेलीच्या आक्रोशाचें तें वचनही त्यांत आलेंच.

कित्येक पालक म्हणतील कीं, कोंवळ्या मुलांस शोकाच्या घरीं नेऊं नये, त्यांच्या मनावर परिणाम होतो. पालकहो, माझ्या वर्गांतील तो मुलगा शोकाच्या घरींच राहत होता. त्याला बाहेर ठेवण्याचा उपाय कोणापाशीं होता? त्याच्या सोबत्यांनीं दारावरून मुकाट्यानें पुढें जावें, याचाही त्याच्या मनावर परिणाम होतोच. अर्थात् कांहीं विवेक हवा. आधीं कोणी वडीलधाऱ्यानें जाऊन विचारावें. नको म्हटल्यास मन मोडूं नये. कित्येकांस पहिल्या वर्षीं शांतताच हवी असते. होय म्हटल्यास ढोलकी बाजूस ठेवून एकच संथ गीत म्हणावें, मृताचें नांव घेऊन प्रार्थना करावी, घटकाभर बसावें. उपदेश करूं नये. तेवढ्यासाठीं फार गोड गळा लागत नाहीं.

त्या वहीवरील शेरा मीं खोडला. त्याच्या जागीं काय लिहावें हें न सुचल्यानें जागा तशीच रिकामी ठेवली. नाताळाच्या आदल्या सायंकाळीं मीं त्या मुलाच्या घरीं गेलों. आम्ही दोघांनीं तारा माळ्यावरून काढला. त्याची दोरी कुजली होती, ती बदलली. त्याच्या आईनें तो दारावर लावूं दिला नाहीं. आंत, वडिलांच्या तसबिरीशेजारीं टांगावयास सांगितला, आणि दिवा तिनेंच लावला.