कॉलेजचं नाव मोठं, पण आपल्या कामाचं कोणतं?



बंदीचे दिवस आहेत. बोटी वर ओढून शाकारल्या आहेत, घरोघरी जाळी शिवायचं काम चाललंय. खिशात आवक नाही आणि नेमकं याच दिवसांत कॉलेजची फी भरायची वेळ येते. दरवर्षी हेच होतं. म्हणून ऑफिसात सध्या डिझेलपेक्षा अ‍ॅडमिशनचीच चर्चा जास्त.

परवा आपले एक सभासद आणि वहिनी आले होते. मुलगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली आहे. तिला मत्स्यविज्ञानाच्या डिग्रीला जायचंय, नंबर लागेल असे मार्कही आहेत. पण भाऊ म्हणाले, "सचिवभाऊ, त्या कॉलेजचं नाव सांगितलं तर कुणाला कळत नाही. उद्या सोयरीक जुळवताना विचारतील तर काय सांगू? त्यापेक्षा ते बाहेरगावचं प्रायव्हेट कॉलेज बरं, रस्त्यारस्त्याला बोर्ड आहे त्याचा. बोटीवर कर्ज काढतो." वहिनी गप्प होत्या. मी म्हटलं, आठ दिवस थांबा. घरी आल्यावरही तोच विचार डोक्यात होता, म्हणून हे लिहितोय. त्यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठी.

मुळात कॉलेजचं नाव होतं कशानं?

पहिलं कारण म्हणजे रस्ता. डुमसहून सुरतेत मासळी घेऊन जाणाऱ्या आपल्या मावश्यांना विचारा, इच्छानाथचं ते मोठं कॉलेज कोणतं? सगळ्या सांगतील. जुनी माणसं अजून त्याला "एस.व्ही.आर." म्हणतात. 1961 साली सुरू झालेलं हे सरदार वल्लभभाई रिजनल कॉलेज 2002 मध्ये एनआयटी झालं, आता एसव्हीएनआयटी. आतमध्ये काय शिकवतात हे कितींना माहीत आहे? पण रोज गेटसमोरून गेलं की नाव तोंडात बसतं.

आता दुसरी संस्था बघा. मुंबईत वेसाव्याला, म्हणजे आपल्याच कोळी लोकांच्या गावाला लागून, केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तिला सीआयएफई म्हणतात. तीही 1961 सालचीच. 1989 पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. दोन्ही एकाच वयाच्या, दोन्ही सरकारी. आणि दुसरी तर खास मासळीचीच. तरी आपल्या किती घरांत तिचं नाव ठाऊक आहे? मला स्वतःला या पदावर येईपर्यंत माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू.

असं का झालं? एसव्हीएनआयटी बारावीनंतर मुलं घेते. देशभर लाखो मुलं जेईई देतात, त्यांच्या आईबापांच्या तोंडी एनआयटीचं नाव असतं. अशा 31 एनआयटी आहेत, एकीचं नाव झालं की बाकीच्यांचंही आपोआप होतं. सीआयएफईमध्ये डिग्री झाल्यावर पुढच्या शिक्षणाला जातात, मुलं मोजकी. शिकून ती प्रयोगशाळेत, सरकारी खात्यात, दुसऱ्या कॉलेजात शिकवायला जातात. शेजारपाजारच्यांना ती दिसत नाहीत. म्हणजे नाव कमी ऐकू येतं ते काम कमी म्हणून नाही. कोण शिकतं, किती शिकतात आणि कुठे जातात, यावर ते ठरतं.

तिसरं कारण जुनी मुलं. पांडेसरा, सचिनच्या डाइंग मिलमध्ये आपले खानदेशातले बरेच लोक आहेत. तिथल्या जुन्या रंगमास्तरांना "यूडीसीटी" म्हणून बघा, लगेच मान हलवतील. मुंबईत माटुंग्याला 1933 साली ही संस्था सुरू झाली, सुरुवातच कापडाच्या रसायनशास्त्रापासून आणि केमिकल इंजिनिअरिंगपासून. 2002 मध्ये नाव यूआयसीटी झालं, 2008 मध्ये आयसीटी. कागदावर दोनदा नाव बदललं, तरी जुन्या लोकांच्या तोंडात यूडीसीटीच. रघुनाथ माशेलकर तिथले, मुकेश अंबानी तिथले. शिकलेल्यांनी गिरण्या, कारखाने चालवले, म्हणून नाव टिकलं.

मुंबईचंच व्हीजेटीआय बघा. 1887 ला व्हिक्टोरिया राणीच्या नावाने निघालं, 1997 ला वीरमाता जिजाबाईंच्या नावाचं झालं. पण शहाण्यांनी इंग्रजी अक्षरं तीच राहतील असं नाव निवडलं, म्हणून शंभर वर्षांची ओळख वाया गेली नाही. आपल्या सुरतेचं एम.टी.बी. कॉलेज 1918 चं. मगनलाल ठाकोरदास बालमुकुंददास हे पूर्ण नाव किती जणांना येतं? तीन अक्षरं मात्र सगळ्यांना येतात. पुण्याचं फर्ग्युसन तर 1885 चं, एका इंग्रज गव्हर्नरच्या नावाचं. गव्हर्नरला सगळे विसरले, कॉलेजला नाही.

चौथं कारण, आणि इथे सांभाळा, सारखी नावं. सरदार पटेलांच्या नावाचं सुरतेत एसव्हीएनआयटी, मुंबईत अंधेरीला इंजिनिअरिंग कॉलेज, वल्लभ विद्यानगरला विद्यापीठ. तिन्ही वेगळ्या संस्था. सेंट झेवियर्स मुंबईत, अहमदाबादेत, कोलकात्यातही आहे. एकाचं ऐकलेलं नाव आपण दुसऱ्याला चिकटवतो. म्हणून नावाबरोबर गाव विचारायचं आणि विद्यापीठ कोणतं तेही विचारायचं.

पाचवं म्हणजे पेपरात येणारी यादी. केंद्र सरकार 2016 पासून एनआयआरएफची क्रमवारी काढतं. त्यात शिकवणं, संशोधन, पास होणारी मुलं, सर्व थरांतल्या मुलांना प्रवेश, या सगळ्याचे मार्क आहेत. आणि इंजिनिअरिंगच्या यादीत शंभरातले दहा मार्क फक्त लोकांचं मत काय आहे यावर. म्हणजे ज्याचं नाव आहे त्याला नावाचेच मार्क, त्या मार्कांनी नंबर वर, नंबरामुळे आणखी नाव. भरतीच्या पाण्यात होडी आपोआप वर येते, तसं. नव्या, लहान कॉलेजला हे दहा मार्क लवकर मिळत नाहीत.

आणि सहावं कारण बोर्ड. पैसे दिले की हायवेवर नाव लागतं. हे नाव जुन्या मुलांनी कमावलेलं नसतं. ते रंगवलेलं असतं, आणि त्या रंगाचे पैसे फीमधूनच जातात.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याच घरात झालंय. थोरल्या भावाच्या मुलाला आम्ही बाहेरगावच्या एका कॉलेजात घातलं. नाव इथे घेत नाही. बोर्ड मोठा होता, माहितीपुस्तक गुळगुळीत होतं, आणि मीच दादाला म्हणालो होतो की नावाचं कॉलेज आहे, घाल. नवीन इंजिनासाठी साठवलेले पैसे भरले. चार वर्षं दादाने जुनंच इंजिन रेटलं. शेवटी पोराला "प्लेसमेंट" म्हणून मिळालं ते फोनवर बोलायचं काम, पगार आपल्या खलाशापेक्षा कमी. नंतर त्याने आयटीआयमध्ये एसी-फ्रीजचं काम शिकून घेतलं, आज कोल्ड स्टोरेजला आहे, बरं चाललंय. पण ते इंजिनाचे पैसे आणि ती चार वर्षं काही परत आली नाहीत. दादा मला कधी बोलला नाही, पण मला विसरता येत नाही.

म्हणून नाव वाईट असं माझं म्हणणं आहे का? बिलकुल नाही. मुलाचा जेईईत नंबर आला तर एसव्हीएनआयटीला डोळे झाकून पाठवा. तिथल्या निम्म्या जागा आपल्याच राज्यात बारावी झालेल्या मुलांना आहेत, हे कितीतरी घरांत माहीत नसतं. कमावलेल्या नावाचा उपयोग होतो, कंपन्या दारात येतात. माझं म्हणणं एवढंच की नाव ऐकू येणं वेगळं आणि कॉलेज कामाचं असणं वेगळं.

आपल्यापेक्षा हे कुणाला जास्त कळणार? घोळ मासा 2023 ला गुजरातचा राज्यमासा झाला. त्या दिवसापासून शहरातले लोक त्याचं नाव घ्यायला लागले. आपल्याला त्याची किंमत बापजाद्यांपासून माहीत होती. त्याच्या पोटातल्या पिशवीचा भाव नावामुळे आला का? नाव आत्ता झालं, किंमत आधीपासूनच होती.

तशीच काही नावं आज सांगतो, बोर्डावर दिसणार नाहीत अशी. मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची डिग्री, बी.एफ.एससी., आपल्या गुजरातेत वेरावळला होते. महाराष्ट्रात रत्नागिरीला शिरगावचं कॉलेज आहे, 1981 चं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. देशातलं पहिलं मंगळूरचं, 1969 चं. शिकून झाल्यावर कोळंबी हॅचरी, खाद्य कंपन्या, मासळी प्रोसेसिंगचे कारखाने, सरकारी मत्स्यखातं, हे सगळे रस्ते आहेत. ओलपाड, चोर्यासी भागात कोळंबीचे तलाव आहेत, तिथे शिकलेला माणूस लागतोच.

आणि ज्याला समुद्रच आवडतो त्याच्यासाठी कोचीची सिफनेट. 1963 ची केंद्र सरकारची संस्था, चेन्नई आणि विशाखापट्टणमलाही शाखा. दहावीनंतर बोट चालवण्याचा आणि बोटीच्या इंजिनाचा दोन-दोन वर्षांचा कोर्स. तांडेलाच्या पोराला याच्यापेक्षा जवळचं शिक्षण कोणतं? पण आपल्या किनाऱ्यावर हे नाव कुणी घेत नाही.

फी भरण्याआधी चार गोष्टी करा.

एक, सगळ्या वर्षांची मिळून फी, हॉस्टेल धरून, लिहून घ्या. पहिल्या वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका.

दोन, मान्यता बघा. इंजिनिअरिंगला एआयसीटीई, विद्यापीठाला यूजीसी, मत्स्य आणि शेतीला आयसीएआर.

तीन, "सगळ्यात मोठं पॅकेज" ऐकून भुलू नका. एका बोटीला एकदा मोठा घोळ लागला म्हणून सगळ्या बोटींचा सीझन चांगला गेला असं होत नाही. जी कॉलेजं एनआयआरएफमध्ये भाग घेतात त्यांची पीडीएफ सगळ्यांना बघता येते. किती मुलं पास झाली, किती कामाला लागली आणि मधला पगार किती, हे त्यात असतं. मधला म्हणजे मुलं पगाराप्रमाणे ओळीत उभी केली तर मध्ये उभ्या असलेल्याचा. तोच आकडा खरा.

चार, तीन वर्षांपूर्वी तिथून शिकून गेलेल्या दोन मुलांशी बोला. कॉलेजने दिलेल्या नंबरवर नको, आपण शोधून.

पीडीएफ काढता येत नसेल तर ऑफिसात या, काढून वाचून दाखवतो. त्यात लाजायचं काही नाही, मीही बारावीच शिकलोय.

आणि त्या भाऊंना आणि वहिनींना सांगतो. सोयरिकीत विचारलं तर सरळ सांगा, पोरगी मासळीचं शास्त्र शिकते. पिढ्यान् पिढ्या आपण जे हाताने शिकलो त्याची डिग्री घेते. समोरच्याला कॉलेजचं नाव माहीत नसेल तर ते त्याने विचारावं, आपण मान खाली घालायची नाही. बोट गहाण ठेवू नका. पोरीला जाऊ द्या. आजपर्यंत तिथे आपल्या वाडीतलं कुणी शिकलं नाही, म्हणून तर आपल्याला ते नाव ऐकू आलं नाही. ती शिकून आली की पुढच्या वर्षी दुसऱ्या पोरीचा बाप ऑफिसात येऊन त्याच कॉलेजचं नाव घेईल.

आपला,
सचिव