‘तांत्रिक खंडा’चे व्यवस्थापन

हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी कारखानदारी बेताचीच. तेथे नोकरी म्हणजे शाळा, बँक, नगरपंचायत किंवा एस.टी. अशा ठिकाणच्या रोजंदार माणसाला कामगार कायद्याची ओळख होते ती बहुधा ‘तांत्रिक खंड’ या शब्दातून. माणूस तोच, काम तेच. पण ठरावीक दिवस भरत आले की हजेरीपटावरून त्याचे नाव उतरते आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा चढते.

या खंडामागे एक आकडा आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत 240 दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा वर्षभर अखंड मानली. त्याला कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देणे भाग पडले. संरक्षणासाठी आखलेल्या या रेषेच्या अलीकडे नेमके थांबण्याची विद्या मग कार्यालयांनी हस्तगत केली. ती ज्याच्या टेबलावर सिद्ध होते, तो पूर्वीचा कार्मिक अधिकारी, आजचा मनुष्यबळ व्यवस्थापक. नाव भारदस्त झाले. टेबल तेच राहिले.

वास्तविक या पदाचा जन्म निराळ्या हेतूने झाला. गिरण्यांत जॉबर नोकरी देई, काढी आणि दस्तुरी घेई. 1931 साली व्हिटली आयोगाने ही सत्ता त्याच्या हातून काढून कामगार अधिकाऱ्याकडे सोपविण्याची शिफारस केली. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने 500 वा अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकारी बंधनकारक केला. कायदा मालकाला वाचून दाखवणारा माणूस आतच असावा, ही त्यामागील दृष्टी होय. तो कायद्यातील फटी शोधू लागला तर जॉबर काय वाईट होता?

एस.टी.चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. बसगाड्या साफ करणाऱ्या कामगारांना महामंडळाने वर्षानुवर्षे नैमित्तिक म्हणून ठेवले. सफाईची पदे अस्तित्वात होती, कामही रोजचे होते. कायमपणाचे लाभ नाकारण्यासाठी असे ठेवणे ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याप्रमाणे अनुचित कामगार प्रथा. महामंडळाने 2006 च्या उमादेवी निकालाचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये तो अमान्य केला: त्या निकालाने औद्योगिक न्यायालयाचे अधिकार हिरावले नाहीत. कामगार कायम झाले. पण तोवर कित्येकांच्या उमेदीची वर्षे निघून गेली होती. कायदेशीर सल्ला स्वस्त आणि विलंब महाग, हा हिशेब कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. 240 चा आकडा तिच्यातही आहे आणि अनुचित प्रथांच्या यादीत वर्षानुवर्षांची हंगामी नेमणूकही आहे. मात्र स्थायी आदेशांची सक्ती, जी केंद्रीय कायद्यात 100 कामगारांना होती, ती आता 300 पासून सुरू होते. त्याखालील आस्थापनांत रजा, शिस्त, बडतर्फी यांचे लिखित नियम करण्याचे बंधन या संहितेने घातलेले नाही. मुदतबंद नेमणुकीला कायम कामगाराइतके वेतन आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळाली, हे स्वागतार्ह. परंतु मुदत किती वेळा वाढवावी याला संहितेने मर्यादा घातलेली नाही. म्हणजे लहान आस्थापनांत यापुढे बरेचसे त्या एका टेबलावरच ठरणार. हजेरीपटावर खंडाची तांबडी रेघ ओढण्यापूर्वी ते काम त्या आठ दिवसांत खरोखर बंद होते काय, एवढे टिपणात लिहून वरिष्ठांपुढे ठेवण्यास त्या अधिकाऱ्याला कोणत्याही कायद्याची मनाई नाही.