परीक्षेची भीती आणि चुकांची खतावणी

बार्शीच्या एका आडत व्यापाऱ्याच्या मुलीने बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला, तेव्हा घरात दोन तट पडले होते. व्यापारी घरातील मुलीने रुग्णालयात रात्रपाळ्या कराव्यात, हे आजोबांना रुचले नव्हते. पुढे तेच आजोबा पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. पाठीला जखम होऊ नये म्हणून नात दर दोन तासांनी त्यांची कूस बदलू लागली, तेव्हा त्यांचा विरोध आपोआप मावळला. वैयावृत्त्याचा महिमा त्यांनी प्रवचनांत अनेकदा ऐकला होता. सेवेचा तो भाव स्वतःच्या घरात त्यांनी प्रथमच पाहिला.

विवाहानंतर ती न्यू जर्सीला गेली. चार वर्षांची पदवी, महाराष्ट्रातील नोंदणी आणि रुग्णालयातील अनुभव गाठीशी असूनही अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करण्यासाठी तेथील परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी एनसीएलेक्स-आरएन ही परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक असते. पदवीच्या प्रत्येक वर्षी प्रथम श्रेणी मिळवणारी ही मुलगी त्या परीक्षेत पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झाली. बार्शीहून वडिलांचा फोन आला. पहिलाच प्रश्न होता, “किती गुण कमी पडले?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण या परीक्षेत गुण जाहीरच होत नाहीत. निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो. परीक्षेची रचनाही आपल्या परिचयाच्या परीक्षांहून निराळी आहे. उमेदवार संगणकासमोर बसतो. प्रत्येक उत्तरानंतर संगणक त्याच्या क्षमतेचा नव्याने अंदाज घेतो आणि जो प्रश्न बरोबर येण्याची व चुकण्याची शक्यता साधारण सारखीच असेल, असा पुढचा प्रश्न निवडतो. उत्तरे बरोबर येत गेली की प्रश्न अधिक कठीण होत जातात. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागेही वळता येत नाही. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात. वेळ पाच तासांची असते. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याविषयी ९५ टक्के खात्री झाली की संगणक परीक्षा थांबवतो. खात्री होईपर्यंत तो प्रश्न विचारत राहतो.

याचा अर्थ असा की, ही परीक्षा हुशार उमेदवारालाही अवघडच वाटते. शाळेपासून नव्वद टक्के प्रश्न सहज सोडवण्याची सवय असलेल्या मुलीला येथे प्रत्येक दुसऱ्या प्रश्नावर अडखळल्यासारखे होते आणि तिला वाटते, सारे संपले. बार्शीच्या या मुलीचे नेमके असेच झाले. ८५ वा प्रश्न संपला, पडद्यावर ८६ वा उमटला आणि तिच्या छातीत धडधड सुरू झाली. हुशार उमेदवारांची परीक्षा ८५ प्रश्नांतच आटोपते, असे तिने कुठेतरी ऐकले होते. वास्तविक ८६ वा प्रश्न येणे म्हणजे निर्णय अद्याप व्हायचा आहे, एवढेच. दार उघडेच होते. ते बंद झाले असे तिने मानले आणि पुढील चाळीसएक प्रश्न घाईघाईने उरकले.

अनुत्तीर्ण उमेदवाराला कोणत्या विषयात तो अपेक्षित पातळीच्या वर, जवळपास किंवा खाली आहे, हे सांगणारा अहवाल मिळतो. पुन्हा बसण्यासाठी किमान ४५ दिवस थांबावे लागते. सुरुवातीचे काही दिवस तिने तो अहवाल उघडलाच नाही. देरासरात जाणेही टाळले, कारण तेथे भेटणारी प्रत्येक बाई निकाल विचारी.

अखेर सासूबाईंनी वाट दाखवली. त्यांचे माहेर किराणा व्यापाऱ्याचे. त्या म्हणाल्या, “सूनबाई, दुकानात तोटा आला की माझे वडील आधी खतावणी उघडत. तोटा कोणत्या खात्यात आहे हे कळल्याशिवाय रडून काय उपयोग?”

तिने वही घेतली. सरावात चुकलेला प्रत्येक प्रश्न ती तीनपैकी एका खात्यात नोंदवू लागली. माहितीच नव्हती, ते पहिले खाते. प्रश्न नीट वाचला नाही, ते दुसरे. उत्तर येत असूनही भीतीपोटी बदलले, ते तिसरे. पहिल्या खात्यात आहारविषयक प्रश्न बरेच निघाले. लोहासाठी यकृत किंवा संधिवाताच्या एका प्रकारात प्राण्यांचे अवयव वर्ज्य, असले पदार्थ तिच्या घरात कधी उच्चारलेही गेले नव्हते. परंतु रुग्ण काय खातो हे परिचारिकेला ठाऊक असावेच लागते. ते तिने अभ्यासाने भरून काढले. खरा धक्का तिसऱ्या खात्याने दिला. सर्वांत मोठी बाकी तेथेच होती.

म्हणजे केवळ पुस्तके पुन्हा वाचून भागणार नव्हते. भीतीचाही सराव करावा लागणार होता. अभ्यंतर तपांच्या गणनेत वैयावृत्त्यापाठोपाठ स्वाध्याय येतो. तो तिने नियमाने सुरू केला. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. त्याच मापाने तिने अभ्यासाच्या बैठका आखल्या. सामायिक मात्र वेगळे ठेवले. “सामायिकात काही मागायचे नसते,” असे सासूबाईंनी बजावले होते. दर आठवड्याला एकदा ती मोबाइल व घड्याळ दूर ठेवून पूर्ण १५० प्रश्न सलग सोडवी, जेणेकरून ८६ वा प्रश्न अनोळखी राहू नये. परीक्षेत दोन तासांनंतर व साडेतीन तासांनंतर विश्रांतीची सोय असते. त्या काळात घड्याळ चालूच राहते, म्हणून अनेक जण उठत नाहीत. तिने मात्र उठायचे, पाणी प्यायचे आणि दीर्घ उच्छ्वास सोडत दहा श्वास मोजायचे, हे आधीच ठरवून टाकले.

आणखी एक उपाय तिला उपयोगी पडला. शिकागो विद्यापीठातील गेरार्डो रामिरेझ व सियान बेलॉक या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, परीक्षेपूर्वी सुमारे दहा मिनिटे आपली चिंता कागदावर उतरवणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारते. मनात घोळणारी भीती विचारशक्तीची जागा अडवते. कागदावर उतरली की ती जागा मोकळी होते. आलोचनेची परंपरा असलेल्या समाजाला मनातले उघड केल्याने येणारा हलकेपणा नवा नाही.

घरच्यांनीही काही पथ्ये पाळली. ही परीक्षा वर्षभर घेतली जाते आणि परवानगीपत्राच्या मुदतीत उमेदवाराला दिवस निवडता येतो. म्हणून तारीख पर्युषणानंतरची घेतली, जेणेकरून उपवास आणि परीक्षा यांची ओढाताण होऊ नये. तारीख पती व सासूबाई यांच्याखेरीज कोणालाही सांगितली नाही. पहिल्या परीक्षेच्या वेळी बार्शीपासून पुण्यापर्यंतचे सारे नातेवाईक निकालाची वाट पाहत होते. त्या प्रेमाचेही ओझे होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झोप उडणे, अन्न न जाणे किंवा सतत रडू येणे आठवडेन् आठवडे चालले, तर घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या खेपेसही ८६ वा प्रश्न आला. हृदय धडधडले, हात गार पडले. तिने हात पडद्यावरून काढला, श्वास सोडला आणि प्रश्न पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचला. भीती गेली नव्हती, पण ती ओळखीची झाली होती. परीक्षा १२० प्रश्नांपलीकडे जाऊन थांबली.

त्या संध्याकाळी तिनेच बार्शीला फोन लावला आणि परीक्षा देऊन आल्याचे सांगितले. तिकडे पहाट होती. दुकान उघडायला अवकाश होता. वडील क्षणभर थांबले. प्रश्न ओठांवर आला असणारच. पण ते म्हणाले, “दमली असशील. जेवलीस का?”

दोन दिवसांनी ती उत्तीर्ण झाल्याचे कळले. ती वही आजही तिच्याजवळ आहे. आता रुग्णालयातील पाळी संपल्यावर, कोठे घाई झाली आणि कोठे लक्ष कमी पडले, याची नोंद ती त्याच वहीत करते.