शाळेला सुट्टी, हक्काला कसली?

मुंब्रा असो, कल्याण असो, गोष्ट तीच. तिसरीतलं मूल वाचताना अडखळतं. घरी म्हणतात, "आळशी आहे." शाळेत म्हणतात, "लक्ष नाही."

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता ही दिव्यांगता आहे. कलम १६ नुसार ती लवकरात लवकर ओळखणं हे शासनमान्य शाळांचं काम आहे.

पण तपासणीला शाळेचा अहवाल लागतो. एप्रिलमध्ये परीक्षा, मग जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी, पुढे दिवाळी. प्रमाणपत्राची मुदत आधी एक महिना होती, २०२४ मध्ये तीन महिने झाली. तीही अर्ज पोचल्यावर सुरू होते. अहवालाअभावी अर्जच गेला नाही, तर वाया गेलेले महिने कुणाच्याच हिशोबात येत नाहीत. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळायला हवा, तेव्हा हातात कागद नसतो.

म्हणून आपली मागणी साधी आहे: अहवालासाठी शाळेलाही मुदत हवी. सुट्टी लागण्यापूर्वी तो पालकांच्या हातात पडलाच पाहिजे.

दोस्तांनो, मूल ही अमानत आहे. मोहल्ल्यातल्या अशा मुलाच्या अम्मी-अब्बूंसोबत शाळेत जा. लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.