पान्हा आणि पगारी रजा

१९५३ च्या नागपूर करारास अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरते. विदर्भाची दुःखे सरकारला जवळून दिसावीत, ही त्यामागची अपेक्षा. १९९३ साली धारणी व चिखलदरा या तालुक्यांतील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून मेळघाटच्या नावाने प्रश्न, आश्वासने आणि समित्या यांचा क्रम अखंड चालू आहे. पाळणे रिकामे होण्याचे मात्र थांबलेले नाही.

आपल्या सुशिक्षित समाजात याचे एक सोयीस्कर उत्तर रूढ आहे: आदिवासी आई अडाणी, तिला मूल वाढविता येत नाही. हे उत्तर आम्हांस मुळीच मान्य नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सहा महिन्यांच्या आतील ७१ टक्के बालके केवळ अंगावरच्या दुधावर होती. तरीही पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. देशभरातील आदिवासी मुलांत हे प्रमाण ४१ टक्क्यांच्या घरात होते. तेव्हा दोष आईच्या मायेत नाही. निसर्गाची किमया अशी की, अर्धपोटी आईलाही पान्हा फुटतो. पण तो ती स्वतःच्या हाडामांसातून देते. आणि तिचे मूल कमी वजनाचे जन्मले, तर दूध ओढण्याचे बळही त्याच्या अंगी नसते. सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाची वेळ येते, तेव्हा घरातील मडकी रिकामी असतात.

आता कायद्याकडे पाहू. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने दिलेली पगारी रजा २०१७ साली २६ आठवड्यांवर गेली. कचेरीत काम करणाऱ्या आमच्या लेकीसुनांना तिचा लाभ होतो, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या कोरकू बाईला कोणती रजा? बाळंतपणानंतर काही दिवसांतच तिला कामावर उभे राहावे लागते. २०१५ पासून आदिवासी भागांत गरोदर व स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचे चौरस जेवण मिळू लागले, हे स्तुत्यच होय. पण गाव सुटले की ते ताटही मागे राहते. अमेरिकेतही कृष्णवर्णीय मातांमध्ये स्तनपानाचे प्रमाण गोऱ्या मातांहून कमी आहे, आणि लवकर कामावर परतण्याची सक्ती हे त्याचे एक कारण सांगितले जाते. वर्ण वा जात कोणतीही असो, ज्या आईला विसावा नाही, तिच्या मुलाला पोषण नाही.

उपाय अज्ञात नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांनाच नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगाने वाचले. १९९२ साली संसदेने बालकांच्या डब्यातील दुधाच्या जाहिरातींना कायद्याने पायबंद घातला. जे शासन कंपन्यांना आवरू शकते, त्याला ठेकेदाराकडून कामाच्या जागी सावली, पाळणाघर आणि दूध पाजण्यापुरती सवड मिळवून देणे अशक्य आहे काय?

मजूर मातेला प्रसूतीनंतर सहा महिने बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी आणि ती जाईल तेथे तिचे ताट जावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. यास खर्च येईल. परंतु एकाच राज्यातील दोन मातांपैकी एकीला रजा आणि दुसरीला रोजची हजेरी, हा पंक्तिप्रपंच लोकशाहीला शोभणारा नव्हे.